मेंदूचे कार्य आणि रक्तप्रवाह : एका नात्याची उकल

मानवी मेंदूचे वजन साधारण १,४०० ग्रॅम, म्हणजे प्रौढ शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के. मात्र विश्रांतीच्या अवस्थेत शरीर जेवढा ऑक्सिजन वापरते, त्यातला सुमारे पाचवा हिस्सा एकट्या मेंदूला लागतो. हृदय दर मिनिटाला जे सुमारे पाच लिटर रक्त बाहेर टाकते, त्यापैकी ७५० मिलिलिटरच्या आसपास रक्त मेंदूच्या वाट्याला येते. एवढा खर्च असूनही मेंदूपाशी शिल्लक अशी जवळजवळ नसते. यकृत आणि स्नायू साखरेचा साठा करून ठेवतात. मेंदूचा साठा इतका तुटपुंजा असतो की त्यावर त्याचा निभाव लागत नाही. त्याचा सारा व्यवहार हातावरच्या पोटासारखा, येणाऱ्या रक्तावर चालतो. म्हणूनच रक्तपुरवठा पूर्णपणे थांबला तर काही सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांनंतर कायमची हानी होऊ लागते.

अशा अवयवात रक्ताची वाटणी काटेकोरपणे व्हावी लागते. वाचताना, बोलताना किंवा हात हलवताना मेंदूचे वेगवेगळे भाग कमी-अधिक प्रमाणात कामाला लागतात आणि जो भाग कामाला लागतो, त्याच्याकडे जाणारा रक्ताचा ओघ एक-दोन सेकंदांत वाढू लागतो. चेतापेशींचे कार्य आणि रक्तवाहिन्यांचा प्रतिसाद यांच्यातील या नात्याला चेता-वाहिनी संबंध असे म्हणता येईल. मेंदूच्या ज्या रंगीत प्रतिमा आज वृत्तपत्रांत आणि रुग्णालयांत दिसतात, त्यांतील बहुतेक प्रतिमा या नात्याच्या आधारावरच तयार होतात.

धडधडणारा मेंदू

या नात्याची पहिली ठोस चाहूल इटलीतील तुरीन येथील शरीरक्रियाशास्त्रज्ञ आंजेलो मोसो यांना लागली. १८७० च्या दशकात त्यांनी कवटीच्या हाडाला भोक पडलेल्या काही रुग्णांच्या मेंदूची स्पंदने यंत्राच्या साहाय्याने कागदावर नोंदवली. त्यांपैकी बर्टिनो नावाच्या शेतकऱ्याची नोंद पुढे प्रसिद्ध झाली. दुपारी बाराला चर्चची घंटा वाजली, तेव्हा त्याच्या मेंदूची स्पंदने एकाएकी मोठी झाली. घंटा ऐकून प्रार्थनेची आठवण झाली का, असे मोसो यांनी विचारताच ती पुन्हा वाढली. आठ गुणिले बारा किती, या प्रश्नानेही तोच परिणाम साधला. त्याच वेळी हाताच्या नाडीत मात्र तसा फरक पडला नाही. हृदयाची गती न बदलताही मेंदूपुरता रक्ताचा ओघ बदलू शकतो, असा याचा अर्थ होता.

मोसो यांनी पुढे एक मोठा तराजूही तयार केला. त्यावर माणसाला आडवे झोपवून समतोल साधायचा आणि त्याला विचार करायला लावून डोक्याकडची बाजू खाली जाते का, हे पाहायचे, अशी ती कल्पना होती. श्वासोच्छ्वास व शरीराची हालचाल यांमुळे असे मोजमाप विश्वासार्ह ठरणे अवघड होते. तरी विचाराचा माग रक्तप्रवाहावरून काढण्याचा तो आरंभीचा प्रयत्न होता.

१८९० मध्ये केंब्रिजचे चार्ल्स रॉय आणि चार्ल्स शेरिंग्टन यांनी प्राण्यांवरील प्रयोगांच्या आधारे या घटनेचा खुलासा मांडला. मेंदूच्या कार्यातून निर्माण होणारी रासायनिक द्रव्ये बारीक रोहिण्यांच्या भिंतींवर परिणाम करून त्यांना रुंद करतात आणि अशा रीतीने मेंदू स्वतःच्या गरजेनुसार स्वतःचा रक्तपुरवठा ठरवतो, असे त्यांचे म्हणणे होते. ही मांडणी लगेच रुजली नाही. १८९६ मध्ये लिओनार्ड हिल यांनी मेंदूला स्वतःच्या रक्तवाहिन्यांवर असे नियंत्रण नसते आणि तेथील प्रवाह केवळ शरीराच्या रक्तदाबामागे जातो, असे प्रतिपादन केले. त्या मताचा दबदबा पुढे जवळपास तीन दशके टिकला.

तो दबदबा कमी होण्यास एका रुग्णाची तक्रार कारणीभूत झाली. अमेरिकेतील बोस्टन येथे शल्यविशारद हार्वे कुशिंग यांच्याकडे आलेल्या या रुग्णाला डोक्याच्या मागील भागात सतत घुंगावणारा आवाज ऐकू येई. शस्त्रक्रियेत मेंदूच्या दृष्टीशी संबंधित भागावर रक्तवाहिन्यांचा विकृत गुंता आढळला. तो काढणे शक्य झाले नाही. मात्र कवटीत राहिलेल्या फटीमुळे तो आवाज बाहेरून नोंदवता येऊ लागला. जॉन फुल्टन यांनी १९२८ मध्ये या नोंदी प्रसिद्ध केल्या. रुग्ण वाचू लागला की आवाज वाढे. वास घेताना किंवा घड्याळाची टिकटिक कान देऊन ऐकताना तो वाढत नसे. म्हणजे रक्ताचा ओघ संपूर्ण मेंदूत सरसकट वाढत नव्हता, कामात असलेल्या भागापुरता वाढत होता.

मोजमापाचे युग

निरीक्षणावरून मोजमापाकडे जाण्यास आणखी दोन दशके लागली. सेमूर केटी आणि कार्ल श्मिट यांनी १९४० च्या दशकात अमेरिकेत एक पद्धत विकसित केली. नायट्रस ऑक्साइड हा वायू अल्प प्रमाणात श्वासावाटे द्यायचा आणि मेंदूकडे जाणाऱ्या व मेंदूतून परतणाऱ्या रक्तातील त्याच्या प्रमाणावरून प्रवाह काढायचा. निरोगी प्रौढ माणसाच्या मेंदूत दर १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे ५४ मिलिलिटर रक्त वाहते, असे त्यांना आढळले. हा आकडा आजही आधारभूत मानला जातो.

या पद्धतीने १९५५ मध्ये एक बुचकळ्यात टाकणारा निष्कर्ष पुढे आला. तोंडी गणिते करणाऱ्या माणसांच्या मेंदूतील एकूण रक्तप्रवाह आणि ऑक्सिजनचा वापर, दोन्ही विश्रांतीच्या वेळेइतकेच भरले. मेंदू कधीच रिकामा बसत नाही, हे त्याचे कारण. विश्रांतीतही त्याचा खर्च चालूच असतो आणि एखाद्या कामामुळे होणारी वाढ स्थानिक व एकूण खर्चाच्या मानाने लहान असते. संपूर्ण मेंदूची सरासरी काढली की ती त्यात बुडून जाते.

भागाभागाचा हिशेब मांडण्याचे श्रेय स्वीडनचे डेव्हिड इंगव्हार आणि डेन्मार्कचे नील्स लासेन यांच्याकडे जाते. किरणोत्सारी झेनॉनच्या साहाय्याने त्यांनी मेंदूच्या बाह्यपटलावरील रक्तप्रवाहाचे नकाशे तयार केले. त्यानंतर आलेल्या पेट स्कॅनमुळे मेंदूच्या खोल भागांचेही मोजमाप शक्य झाले.

या तंत्राने १९८६ मध्ये पीटर फॉक्स आणि मार्कस राइकल यांनी एक अनपेक्षित गोष्ट दाखवून दिली. बोटांना कंपनाने चेतना दिली असता मेंदूच्या संबंधित भागातील रक्तप्रवाह सुमारे २९ टक्क्यांनी वाढला. ऑक्सिजनचा वापर मात्र केवळ ५ टक्क्यांनी. गरज थोडी आणि पुरवठा भरपूर, असा हा प्रकार होता. मागणीइतकाच पुरवठा वाढत असणार, ही सोपी कल्पना येथे अपुरी पडली. कामात असलेल्या भागातून बाहेर पडणारे रक्त ऑक्सिजनने अधिक हलके होण्याऐवजी अधिक समृद्ध असते, हा त्यातून निघालेला निष्कर्ष पुढील सर्व प्रतिमातंत्राचा पाया ठरला.

संदेश कसा पोहोचतो

चेतापेशी एकमेकींशी बोलतात, तेव्हा विद्युत्‌भारित कण पेशीच्या आवरणातून आत-बाहेर होतात. ते पुन्हा जागेवर आणण्यासाठी पेशींना पंप चालवावे लागतात आणि मेंदूच्या ऊर्जेचा मोठा वाटा यातच खर्च होतो. ऊर्जा कमी पडल्यावर रक्त मागवायचे, अशी रचना असती तर प्रत्येक वेळी उशीर झाला असता. प्रत्यक्षात, जे रासायनिक संदेश चेतापेशींमध्ये कामाची देवघेव घडवतात, तेच रक्तवाहिन्यांनाही आगाऊ वर्दी देतात.

ग्लुटामेट हा मेंदूतील प्रमुख उत्तेजक संदेशवाहक. तो पुढील पेशीवर पोहोचला की तिच्यात कॅल्शियमची पातळी वाढते आणि काही पेशींत त्यातून नायट्रिक ऑक्साइड तयार होते. हा वायू शेजारच्या बारीक रोहिणीच्या भिंतीतील स्नायूंना सैल करतो. दुसरी वाट तारकापेशींमधून जाते. या पेशींच्या फांद्यांची काही टोके चेतापेशींच्या जोडांना लगटून असतात, तर काही टोके पावलांसारखी रक्तवाहिन्यांना वेढून असतात. त्यांतून प्रोस्टाग्लँडिनसारखी द्रव्ये आणि पोटॅशियम बाहेर पडते व वाहिनी रुंदावते. केशवाहिन्यांना वेढणाऱ्या आकुंचनक्षम पेशीही या प्रतिसादात भाग घेतात. केशवाहिन्यांच्या आतील अस्तर हा संदेश विद्युत्‌लहरीच्या रूपाने उलट दिशेने, मोठ्या रोहिणीकडे पोहोचवते, असेही अलीकडच्या संशोधनातून दिसले आहे. शेताच्या टोकाशी असलेल्या वाफ्याने पाटाच्या मुखाशी असलेल्या माणसाला हाक द्यावी आणि त्याने पाणी सोडावे, तशी ही व्यवस्था.

स्थानिक वाटणीबरोबरच आणखी दोन नियम एकूण प्रवाहावर लक्ष ठेवतात. शरीराचा रक्तदाब बऱ्याच मर्यादेपर्यंत वरखाली झाला तरी मेंदूच्या वाहिन्या आकुंचन-प्रसरण करून प्रवाह स्थिर राखतात. दुसरा नियम कार्बन डायऑक्साइडचा. रक्तात हा वायू वाढला की मेंदूच्या वाहिन्या रुंदावतात, कमी झाला की अरुंद होतात. घाबरून जोरजोरात श्वास घेणाऱ्याला भोवळ येते ती यामुळेच.

रक्तातील लोह आणि चुंबक

रक्ताच्या चुंबकीय गुणधर्माचा शोध १९३६ मध्ये लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कॉरियेल यांनी लावला. ऑक्सिजन वाहून नेणारे हिमोग्लोबिन चुंबकाला किंचित दूर लोटते, तर ऑक्सिजन सोडून दिलेले हिमोग्लोबिन चुंबकाकडे ओढले जाते. १९९० मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत काम करणारे सेइजी ओगावा यांनी हा फरक एमआरआय यंत्राने टिपता येतो, हे प्राण्यांवरील प्रयोगांत दाखवले. दोन वर्षांतच अनेक गटांनी तो मानवी मेंदूत नोंदवला. कामात असलेल्या भागाकडे गरजेपेक्षा अधिक रक्त धावते. त्यामुळे तेथील ऑक्सिजनरहित हिमोग्लोबिनचे प्रमाण घटते आणि एमआरआयचा संकेत किंचित वाढतो. या तंत्रास फंक्शनल एमआरआय म्हणतात. त्यात सुई टोचावी लागत नाही आणि किरणोत्सारी द्रव्यही लागत नाही.

या तंत्राने वैद्यकाला काही मोलाची साधने दिली. मेंदूतील गाठ काढण्यापूर्वी वाणी व हालचाल यांची केंद्रे गाठीपासून किती दूर आहेत, हे शल्यविशारदाला आधी पाहता येते. १९९५ मध्ये भारतीय वंशाचे संशोधक भरत बिस्वाल यांनी, माणूस नुसता पडून असतानाही मेंदूच्या दोन्ही बाजूंच्या हालचाल-केंद्रांतील संकेत एकमेकांच्या तालात वरखाली होतात, हे दाखवले आणि स्वस्थ मेंदूच्या अभ्यासाची नवी शाखा उघडली. २००६ मध्ये ब्रिटनमधील एड्रियन ओवेन व सहकाऱ्यांनी अपघातानंतर निश्चल अवस्थेत असलेल्या एका तरुणीस, आपण टेनिस खेळत आहोत अशी कल्पना करण्यास सांगितले. तिचे शरीर हलले नाही. पण मेंदूच्या ज्या भागात निरोगी माणसांमध्ये ही कल्पना उमटते, त्याच भागात तिच्याही मेंदूत रक्तप्रवाहाचा बदल दिसला. काही उमगत नाही असे समजल्या गेलेल्या रुग्णाला बोललेले कळत असू शकते, ही जाणीव त्यातून वैद्यकात आली.

प्रतिमेला काय दिसत नाही

रंगीत प्रतिमेतील तेजस्वी ठिपका हा विचाराचा फोटो नव्हे. तो रक्तप्रवाहातील बदलावरून काढलेला अंदाज असतो. चेतापेशींचे काम सेकंदाच्या हजाराव्या भागात होते. रक्ताचा प्रतिसाद मात्र साधारण पाच-सहा सेकंदांनी शिखर गाठतो आणि मग हळूहळू ओसरतो. प्रतिमेतील एका ठिपक्यात लाखो पेशी सामावलेल्या असतात आणि संकेतातील बदल काही टक्क्यांहून मोठा नसतो. २००१ मध्ये निकोस लोगोथेटिस व सहकाऱ्यांनी माकडांमध्ये विद्युत्‌नोंद आणि एमआरआय एकाच वेळी घेतले, तेव्हा हा संकेत पेशींनी बाहेर पाठवलेल्या संदेशांपेक्षा त्या भागात येणाऱ्या संदेशांशी व तेथील अंतर्गत प्रक्रियेशी अधिक जुळणारा आढळला. एखादा भाग उजळला म्हणून त्याने निर्णय घेतला, असे म्हणणे त्यामुळे धाडसाचे ठरते.

आकडेमोडीतही धोका असतो. २००९ मध्ये अमेरिकेतील काही संशोधकांनी एका मेलेल्या सामन माशाला यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रे दाखवली आणि नित्याची आवश्यक सांख्यिकी खबरदारी न घेता निष्कर्ष काढला. माशाच्या मेंदूत हालचाल दिसली. हजारो ठिपके एकाच वेळी तपासले की त्यांतील काही निव्वळ योगायोगाने उजळतात, हे त्यांना दाखवायचे होते. या प्रयोगाला २०१२ मध्ये विनोदी संशोधनासाठीचे इग्नोबेल पारितोषिक मिळाले; मात्र त्यातील इशारा गंभीर होता.

मेंदूच्या नोंदीवरून मनातले ओळखण्याचा मोह न्यायालयापर्यंतही पोहोचला आहे. ‘सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये नार्को चाचणी, पॉलिग्राफ आणि मेंदूच्या विद्युत्‌लहरींची चाचणी संमतीविना कोणावरही लादता येणार नाही, असा निर्णय दिला. ती चाचणी रक्तप्रवाहाची नव्हती. पण मेंदूच्या खुणेवरून माणसाची कबुली वाचता येते का, हा प्रश्न दोन्हीकडे सारखाच आहे.

नाते बिघडते तेव्हा

रक्तवाहिनीच निरोगी नसेल तर चेतापेशींची हाक ऐकली जात नाही. दीर्घकाळचा उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांमुळे बारीक वाहिन्या ताठर होतात व त्यांचा प्रतिसाद मंदावतो. अल्झायमरच्या आजारात साचणारे अमायलॉइड हे प्रथिन वाहिन्यांच्या रुंदावण्यात अडथळा आणते, असे प्राण्यांवरील प्रयोगांत दिसले आहे. स्मृतिभ्रंश हा केवळ चेतापेशींचा आजार, ही समजूत यामुळे बदलत असून रक्तदाब व साखर आटोक्यात ठेवणे हा मेंदूच्या रक्षणाचाही भाग मानला जाऊ लागला आहे. मेंदूतील गाठीभोवतीच्या वाहिन्याही नीट प्रतिसाद देत नाहीत. अशा वेळी प्रतिमेत वाणीचे केंद्र अंधारलेले दिसले, तरी ते प्रत्यक्षात काम करीत असू शकते. म्हणून शल्यविशारद केवळ प्रतिमेवर विसंबत नाहीत. गरज पडल्यास रुग्णाला जागे ठेवून, त्याच्याशी बोलत शस्त्रक्रिया करतात.

या नात्याचा सर्वांत मोठा घात पक्षाघातात होतो. गुठळीने रोहिणी बंद झाली की प्रवाह दर १०० ग्रॅममागे मिनिटाला सुमारे २० मिलिलिटरच्या खाली घसरलेल्या भागातील पेशी काम थांबवतात आणि हात लुळा पडतो किंवा वाचा जाते. प्रवाह १० मिलिलिटरच्याही खाली गेलेल्या भागातील पेशी थोड्याच वेळात मरतात. या दोन मर्यादांमधला भाग मूक झालेला असतो, मेलेला नसतो. आजूबाजूच्या वाहिन्यांतून झिरपणाऱ्या रक्तावर तो काही काळ तग धरतो. पक्षाघाताच्या उपचाराची सारी धडपड हाच भाग वाचवण्यासाठी असते. मोठी रोहिणी बंद झाल्यास दर मिनिटाला सरासरी १९ लाख चेतापेशी नष्ट होतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडण्यात आला.

गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यावे लागते. मोठ्या रोहिणीतील गुठळी नळीवाटे काढण्याचा उपाय निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंतही करता येतो. दोन्ही उपाय जितके लवकर, तितका लाभ अधिक. इंजेक्शनपूर्वी सीटी स्कॅन करून रक्तस्राव नाही याची खात्री करावी लागते. कारण रक्तस्राव असेल तर हेच औषध जिवावर बेतू शकते. त्यामुळे घरच्या घरी गोळी देणे, मालिश करणे किंवा सकाळपर्यंत वाट पाहणे यांत जो वेळ जातो, तो थेट त्या तग धरून राहिलेल्या भागाच्या खात्यातून वजा होतो.

चेहऱ्याची एक बाजू अचानक ओघळणे, एका बाजूचा हात किंवा पाय अशक्त होणे, बोलणे अडखळणे अथवा न समजणे, एकाएकी दिसेनासे होणे किंवा तोल जाणे, ही पक्षाघाताची ओळखू येणारी लक्षणे आहेत. ती थोड्या वेळाने आपोआप ओसरली तरी दुर्लक्ष करू नये. पुढील मोठ्या झटक्याची ती पूर्वसूचना असू शकते. अशा वेळी लक्षणे नेमकी कधी सुरू झाली, ती वेळ लक्षात ठेवावी, रुग्णाला तोंडाने काही देऊ नये आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलावून सीटी स्कॅनची सोय असलेल्या रुग्णालयात त्याला विनाविलंब न्यावे.